मिठाच्या मक्त्यातून वाहिलेले पाणी

फ्रान्सच्या दक्षिण भागातील तुलूझ शहरात रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर एक शांत, हिरवट पाण्याचा कालवा दिसतो. हाच ‘कनाल द्यू मिदी’. येथून तो पूर्वेकडे सुमारे २४० किलोमीटर वाहत जाऊन भूमध्य समुद्रालगतच्या एताँ द तो या खाऱ्या सरोवरास मिळतो. तुलूझपासून पश्चिमेकडे गारोन नदी अटलांटिक महासागराची वाट धरते. म्हणजे दोन समुद्र या कालव्याने जोडले गेले आणि स्पेनला वळसा घालून जाण्याची सागरी दगदग व जोखीम टळण्याची सोय झाली. पूर्वी नावा ओढणारे घोडे ज्या काठावरून चालत, त्याच काठावरून आज सायकलस्वार जातात. १९९६ साली युनेस्कोने कालव्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या प्रवासाचे खरे आकर्षण मात्र एका माणसाच्या जमाखर्चात आहे. बेझिये या गावी जन्मलेला पिएर-पॉल रिके हा अभियंता नव्हता. लांगदॉक प्रांतात मिठावरील कर गोळा करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता आणि त्यातून त्याने अमाप संपत्ती मिळविली होती. मिठासारख्या गरिबाच्या गरजेवरील तो कर लोकांस अतिशय जाचक वाटे. तेव्हा या पैशाचा उगम फारसा स्पृहणीय नव्हता, हे नमूद केलेच पाहिजे. पन्नाशी ओलांडल्यावर, १६६२ साली, त्याने राजा चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यास पत्र लिहून कालव्याची योजना मांडली. १६६६ साली राजाज्ञा निघाली. खर्चाचा मोठा भाग राजा व प्रांत उचलणार होते. रिकेने स्वतःचेही भांडवल घालावयाचे आणि त्या बदल्यात कालव्याची मालकी व जकातीचे उत्पन्न त्याच्या घराण्याकडे वंशपरंपरेने राहावयाचे, असा तो करार होता.

तुलूझहून निघालेल्या सायकलस्वारास पहिले पन्नास किलोमीटर गुळगुळीत डांबरी वाट मिळते. वाटेत लॉक लागतात. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधील हौद. त्यातील पाणी चढवून वा उतरवून नाव वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेतात. हे हौद चौकोनी नसून लंबवर्तुळाकार आहेत. आरंभी बांधलेली एक सरळ भिंत मातीच्या दाबाने ढासळली. त्यानंतर भिंतींना कमानीसारखा बाक देण्यात आला. प्रत्येक लॉकशेजारी रखवालदाराचे टुमदार घर आणि त्यावर पुढील व मागील लॉकचे अंतर दर्शविणारी पाटी असते. दमलेल्या प्रवाशास ही पाटी मोठा दिलासा देते.

यापुढे नोरूझची खिंड येते. समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंचीचे हे स्थान कालव्याचा माथा होय. दोन समुद्र जोडण्याची कल्पना रिकेपूर्वीही अनेकांनी मांडली होती. परंतु माथ्यावर बारमाही पाणी आणावयाचे कोठून, येथे सारे अडत. रिकेने उत्तरेकडील ‘काळ्या डोंगरा’तील झरे व ओढे पाटांनी अडवून नोरूझपर्यंत वळविले. या कामी रेव्हेल गावचा पाणक्या पिएर काँपमा याचे त्या ओढ्यांविषयीचे ज्ञान मोलाचे ठरले. उन्हाळ्यासाठी सें-फेरेओल येथे मातीचे प्रचंड धरण बांधण्यात आले. ते आजही कालव्यास पाणी पुरविते. नोरूझला पोहोचलेले पाणी दुभंगून एक धार अटलांटिककडे, दुसरी भूमध्याकडे जाते. सायकल टेकवून येथे तासभर बसावे, अशी ही जागा आहे.

येथून पुढे वाट खडीची, पुढे पुढे तर झाडांच्या मुळांनी उंचसखल झालेली. रुंद टायरांची सायकल असलेली बरी. कास्तेलनोदारी हे गाव घेवड्याच्या कासुले या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात मांस असते. शाकाहारी प्रवाशाने पाव, फळे व सुका मेवा जवळ ठेवावा.

व्यापारी वाचकांस कारकासोनची हकीकत विशेष वाटेल. कालवा शहराजवळून नेण्यासाठी वर्गणी मागितली असता नगरवासीयांनी ती नाकारली. कालवा दोन किलोमीटर दुरून गेला आणि त्याबरोबर मालाची वर्दळही. अखेर शहराने नव्या फाट्यासाठी खटपट केली आणि १८१० साली कालवा शहरात आला. मधल्या सव्वाशे वर्षांत किती व्यापार हातचा गेला असेल, याचा हिशेब वाचकांनीच मांडावा!

मजुरांच्या बाबतीत रिके त्या काळाच्या मानाने उदार होता. हजारो स्त्रीपुरुष कामावर होते. रविवार, सण आणि आजारपण यांचीही मजुरी मिळे. त्यामुळे माणसे टिकली, पण खर्चही फुगला. शासनाचा पैसा वेळेवर येईना. रिके कर्ज काढीत गेला. मुलींच्या हुंड्याची रक्कमही त्याने यात घातली, असे सांगतात.

बेझियेजवळ माल्पा येथे टेकडी आडवी आली. खडक ठिसूळ, वर पाडाव करावयास टपलेले विरोधक. काम थांबविण्याचे हुकूम असतानाही रिकेने थोड्याच दिवसांत गुपचूप बोगदा आरपार खणविला, अशी कथा आहे. १६७९ सालचा हा सुमारे १६५ मीटरांचा बोगदा युरोपातील नौकानयनासाठीचा पहिला कालवा-बोगदा मानला जातो. त्याच टेकडीखालून पुढे रेल्वेचाही बोगदा गेला. टेकडीवरून माँतादीचे तेराव्या शतकात आटवलेले तळे दिसते. चाकाच्या आऱ्यांसारखी त्याची शेते डोळ्यांत भरतात.

पुढे फाँसेरानची जलपायरी. मुळात आठ हौद, नऊ दरवाजे. तीनशे मीटरांत साडेएकवीस मीटरांचा उतार! नावा एकेक पायरी उतरताना पाहण्यास आजही गर्दी जमते. येथून रिकेचे जन्मगाव समोर दिसते.

१ ऑक्टोबर १६८० रोजी रिके तुलूझला निवर्तला. कालव्याचे उद्घाटन १६८१ च्या मे महिन्यात झाले. वारसांच्या वाट्यास कालव्यापेक्षा आधी कर्ज आले, वीस लाख लिव्रांहून अधिक. त्यांनी काही हिस्से विकले, धनकोंची देणी चुकती केली आणि काम पूर्ण केले. ही देणी फिटावयास १७२४ साल उजाडले. म्हणजे रिकेच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षे! त्यानंतर मात्र कालव्याने घराण्यास भरघोस उत्पन्न दिले. नोरूझ येथील स्मृतिस्तंभ या वारसांनीच उभारला. १८५८ साली कालवा रेल्वे कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेला. प्रतिस्पर्ध्याच्याच हाती किल्ली आल्यावर मालवाहतूक रोडावली, यात नवल नाही.

आता शेवटच्या टप्प्यावर सायकलस्वारास उन्हाचा ताप सोसावा लागतो. काठावर चिनारच्या कुळातील सुमारे ४२,००० प्लेन वृक्ष होते. त्यांची कमान ही कालव्याची ओळख होती. २००६ साली त्यांना असाध्य बुरशीचा रोग जडल्याचे आढळले. तो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून आला, असा अंदाज आहे. हजारो झाडे तोडून जाळावी लागली. त्यांच्या जागी निरनिराळ्या जातींची रोपे लावली जात आहेत. सध्या ती जेमतेम सावली देतात. म्हणून टोपी व पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर हव्यात. एताँ द तोच्या काठी, जेथे कालवा संपतो, तेथे लहानसे दीपगृह आहे.