जबडा आधी बघ

चि. सोनू,


पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडाच्या गोळ्या सापडल्याचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. ती विष्ठा नव्हे, हे घरच्यांना आधी सांग. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, हाडं आणि केस पोटात दाबले जाऊन त्यांची गोळी होते आणि ती तोंडावाटे बाहेर पडते. त्याच्या पोटातलं आम्ल गरुडाइतकं जहाल नसतं, म्हणून कवट्यासुद्धा शाबूत मिळतात.

हातमोजे घालूनच काम कर. गोळी कोमट पाण्यात भिजव आणि चिमट्याने केस सावकाश सोडव. ओढाताण केलीस तर दात निखळतील, आणि ओळख पटते ती दातांवरूनच. फासळ्या-मणके बाजूला ठेव.

वर-खाली पटाशीच्या दातांची एकेक जोडी, सुळे नाहीत, मग मोकळी जागा आणि प्रत्येक बाजूला तीन दाढा, असं दिसलं की उंदीर समज. मोकळी जागाच नसेल, टोकदार दातांची सलग रांग असेल आणि गालाच्या हाडाची कमान नसेल, तर ती चिचुंद्री. ती उंदरांच्या कुळातली नाहीच. वरच्या पटाशीच्या दातांवर उभी पन्हळ असेल, तर तो माळरानावरचा जर्बिल. घरातल्या लहान उंदराच्या त्याच दाताला बाजूने बघितलं की टोकाशी खाच दिसते. मोठ्या उंदरांत ती नसते.

शेतातल्या मोठ्या उंदरांच्या जाती मात्र नुसत्या डोळ्यांनी ठरवू नकोस. दाढा झिजल्या की त्यांवरची नक्षी पुसट होते, आणि पिल्लांचे जबडे तर फारच फसवे. ओळखलेल्या कवटीशेजारी ठेवून भिंगाखाली ताडून बघ. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे विचार. नाहीच जमलं, तर ‘उंदीर, जात अनिश्चित’ असं निःसंकोच लिही. चुकीच्या नावापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे.

उंदराच्या खालच्या जबड्याचे दोन भाग सुटे होतात. डावे-उजवे वेगळे मोज. एकाच जातीचे पाच डावे आणि सात उजवे निघाले, तर किमान सात उंदीर. घुबड अशुभ म्हणून त्याला हुसकावायचं म्हणणाऱ्यांपुढे हाच हिशेब ठेव. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहेच, पण आपल्याच शिवारातले उंदीर बघून माणसं लवकर ऐकतील असं मला मनापासून वाटतं.

हाडांच्या प्रत्येक पुडीवर तारीख आणि जागा लिही. माळ्यावर घुबडाची पिल्लं असतील तर वर चढू नकोस. खाली पडलेलंच वेच.

तुझी,
मावशी