माझ्यामुळे झालं का गं हे?

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची प्रसूती तेहतिसाव्या आठवड्यात करावी लागली. नेहमीच्या तपासणीला गेली असताना रक्तदाब १६०/११० भरला, लघवीत प्रथिने सापडली आणि त्याच संध्याकाळी तिला दाखल करून घेतले. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. बाळाचे वजन १ किलो ६०० ग्रॅम. आज दोघेही सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते. कारण मला लिहायचे आहे ते रुग्णालयाच्या व्हरांड्यात उच्चारल्या गेलेल्या एका वाक्याविषयी.

बाळ अजून काचेच्या पेटीत होते. बहिणीच्या सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, हे तुमच्याकडूनच आलं असणार. तुम्हालाही मोठीच्या वेळी असंच झालं होतं ना?" त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजीच होती. आई काही बोलली नाही. मोठी म्हणजे मी. १९८८ साली माझ्या वेळी आईच्या पायांवर सूज आली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि मी आठव्या महिन्यात जन्मले. त्या रात्री घरी आल्यावर आईने मला विचारले, "तू एवढी शिकलीस. खरं सांग, माझ्यामुळे झालं का गं हे?"

माझी डॉक्टरेट पदार्थविज्ञानातली, वैद्यकातली नव्हे. "असं काही नसतं" हे उत्तर ओठांवर आले होते. पण ते खरे नाही, एवढे मला ठाऊक होते. हा आजार कुटुंबांमध्ये पुन्हा पुन्हा आढळतो. म्हणून मी आईकडे चार दिवस मागितले आणि वाचायला बसले.

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहू लागला, तर त्याला गर्भारपणातील उच्च रक्तदाब म्हणतात. त्याबरोबर लघवीत प्रथिने जाऊ लागली अथवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांच्यावर ताण दिसू लागला, तर तो प्रीएक्लॅम्पसिया. झटके आले, तर एक्लॅम्पसिया. भारतातील मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांत हा आजार आजही आहे. आपल्याकडे २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या.

मला प्रथम खेचून घेतले ते यातील प्रवाहाच्या गणिताने. नळीची त्रिज्या दुप्पट केली, तर तितक्याच दाबाला तिच्यातून सोळापट द्रव वाहतो. गर्भाशयाच्या भिंतीत बारीक, पिळदार धमन्या असतात. गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वारेतील पेशी या धमन्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतील स्नायूंचा थर हटवतात आणि त्यांची तोंडे नरसाळ्यासारखी रुंद करतात. रक्त मग संथपणे, पुरेसे आणि अखंड येते. हे रुंदीकरण अपुरे राहिले, तर रक्त अरुंद तोंडातून जोराच्या धारेने आणि धक्क्याधक्क्याने येते. वारेवर ताण पडतो आणि ती आईच्या रक्तात काही प्रथिने अतिरिक्त प्रमाणात सोडू लागते. २००३ साली एस. अनंत करुमंची यांच्या गटाने त्यांतील एक महत्त्वाचे प्रथिन दाखवून दिले. ते आईच्या रक्तवाहिन्या निरोगी राखणाऱ्या घटकांना वाटेतच पकडून निकामी करते. दाब वाढतो, तो तिथून.

आता प्रश्न असा, की वार कोणाची? आपण सहजपणे 'आईची वार' म्हणतो. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग गर्भाच्या पेशींनी घडलेला असतो. म्हणजे त्यातील निम्मी जनुके आईची आणि निम्मी वडिलांची.

हे वाचून मी थबकले. त्यानंतर जे सापडत गेले, ते सारे याच दिशेने जाणारे होते. नॉर्वेतील जन्मनोंदींवरून १९९८ साली असे दिसले, की ज्या पुरुषाच्या अपत्याच्या वेळी एका स्त्रीला प्रीएक्लॅम्पसिया झाला होता, त्याच्यापासून दुसऱ्या स्त्रीला दिवस गेल्यास तिलाही तो होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते. स्वीडनमधील लाखो प्रसूतींच्या नोंदी तपासून २००४ साली संशोधकांनी या आजाराच्या प्रवणतेतील फरकांची वाटणी मांडली : सुमारे ३५ टक्के आईच्या जनुकांमुळे, २० टक्के गर्भाच्या जनुकांमुळे, १३ टक्के त्या विशिष्ट जोडप्यामुळे, आणि उरलेला जवळपास एकतृतीयांश भाग न मोजलेल्या अन्य कारणांमुळे. ही वाटणी लोकसमूहातील फरकांची आहे. एका स्त्रीच्या आजाराचे असे टक्क्यांत तुकडे करता येत नाहीत.

२०१७ साली तर बाळांचेच जनुकसंच तपासले गेले. त्यात तेराव्या गुणसूत्रावरील 'एफएलटी१' या जनुकाजवळचा एक फरक प्रीएक्लॅम्पसियाशी निगडित निघाला. करुमंची यांच्या गटाने दाखवलेले प्रथिन याच जनुकापासून बनते. ज्या गर्भात तेरावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, त्या गर्भारपणात हा आजार अधिक आढळतो, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतेच.

आईच्या बाजूचे चित्र २०२३ साली अधिक स्पष्ट झाले. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचा समावेश असलेल्या अभ्यासात जनुकसंचातील १८ स्थाने हाती लागली, त्यांतील १२ नवी होती. अनेक स्थाने रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित आहेत. पण प्रत्येकाचा वाटा अगदी लहान आहे. हा 'दोष' एका जनुकात बसलेला नसतो. अनेक बारीक कल एकाच बाजूला झुकले, की जोखीम वाढते, एवढेच.

बहिणीने विचारले, "ताई, पुढच्या वेळेआधी जनुकांची चाचणी करून घेऊ का?" या लहान कलांची बेरीज करून जोखीम-गुणांक काढता येतो, हे खरे. परंतु त्या अभ्यासातील बहुतेक स्त्रिया युरोपीय वंशाच्या होत्या. अभ्यासात सापडणारी खूण पुष्कळदा स्वतः कारण नसते, खऱ्या कारणाची शेजारीण असते. आणि हे शेजार लोकसमूहागणिक बदलतात. एका हवामानात अंशांकन केलेले उपकरण दुसरीकडे नेऊन त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखे ते होईल. आपल्याकडे पाया घातला जात आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचले असून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. गुरुग्रामच्या शासकीय रुग्णालयात २०१५ पासून 'गर्भिणी' या प्रकल्पात हजारो गर्भवतींच्या नोंदी ठेवल्या गेल्या, मुख्यतः अकाली प्रसूतीच्या अभ्यासासाठी. या आजारासाठी आई, वडील आणि बाळ अशा तिघांच्या जनुकांची आणि रक्तदाबाच्या नोंदींची सांगड लागेल. विद्यार्थीमित्रांनो, इथे करण्यासारखे काम पुष्कळ आहे.

तोवर बहिणीजवळ जनुकचाचणीपेक्षा भरवशाची माहिती आहे : तिचा स्वतःचा इतिहास. एकदा हा आजार होऊन गेला, हीच पुढच्या वेळेची मोठी सूचना असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जोखीम अधिक असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. त्यांच्यात ३७ आठवड्यांपूर्वी होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. हे औषध मनाने घ्यायचे नाही. पण पहिल्या तपासणीतच "मागच्या वेळी मला हे झालं होतं" असे डॉक्टरांना सांगायचे, हे तिने लिहून ठेवले आहे.

चौथ्या दिवशी मी आईला उत्तर दिले. "थोडं तुझ्याकडून, थोडं बाबांकडून आणि थोडं माझ्याकडून. तुझ्या पोटातली ती वार माझी होती." आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांनाही विचारायला हवं होतं कुणीतरी." आणि हसली. बहिणीच्या सासूबाईंनाही मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आमच्या मुलाच्या वेळी माझेही पाय सुजले होते. तेव्हा कोण मोजतंय दाब!" सुजलेल्या पायांवरून निदान होत नाही, हे मी सांगितले, पण व्हरांड्यातले ते वाक्य त्यानंतर आमच्या घरी कोणी उच्चारले नाही.

एक गोष्ट मात्र मला बोचत राहिली. ज्यांना हा आजार होऊन गेला, त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. आई पन्नाशीपासून रक्तदाबाची गोळी घेते. पण तिच्या बाळंतपणाविषयी आजवर एकाही डॉक्टरने तिला विचारलेले नाही, आणि सांगायला हवे हे आम्हालाही ठाऊक नव्हते. तुमच्या आईला एकदा विचारा. उत्तर 'हो' असेल, तर ते तिच्या पुढच्या तपासणीच्या कागदावर लिहून घ्या.