वनस्थळीतली काळविटं आणि त्यांच्या अंगावरचे बिनबोलावलेले पाहुणे

एल. बी. नगरला मेट्रो संपते. तिथून विजयवाडा रस्त्याने थोडं पुढे गेलं की ऑटोनगरच्या गॅरेजांना खेटूनच महावीर हरिण वनस्थळी लागते. एकेकाळी हे निजामांचं शिकारीचं रान होतं. १९७५ साली, महावीरांच्या २५००व्या निर्वाणवर्षानिमित्त, ते काळविटांसाठी राखलं गेलं. काचीगुडा, सुलतानबाजारकडच्या मंडळींना मुलांसह अर्ध्या दिवसात सहज जाऊन येता येतं.

मुलं आधी शिंगं बघतात. तुम्ही दुर्बीण थोडी खाली, कान आणि मानेकडे वळवा. काळवीट सारखं अंग चाटत असतं, खुराने मान खाजवत असतं. तो चाळा नाही, ते गोचिडी काढणं आहे. हरणांचे खालचे पुढचे दात यासाठी फणीसारखे उपयोगी पडतात. पण कानात आणि मानेवर तोंड पोचत नाही. गोचिडी नेमक्या तिथेच चिकटतात. साळुंकी पाठीवर येऊन बसली, तर तिची तेवढीच मदत.

गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून ती वाट बघते. पिल्लू, कुमार आणि प्रौढ अशा प्रत्येक अवस्थेत तिला रक्त लागतं. पोट भरलेली मादी गळून पडते आणि जमिनीवर हजारो अंडी घालते. आफ्रिकेतल्या इंपाला हरणांच्या अभ्यासात एक गंमत दिसली. आपला इलाखा राखणाऱ्या नरांना अंग साफ करायला फुरसत नसते, म्हणून त्यांच्यावर माद्यांपेक्षा कितीतरी जास्त गोचिडी असतात. रुबाबाची किंमत रक्ताने मोजावी लागते!

थोड्या गोचिडी धडधाकट जनावर सोसतं. पाडस किंवा आजारी जनावर मात्र रक्त कमी होऊन खंगतं. शिवाय गोचीड एकाचा रोग दुसऱ्याला देते. आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात, २०१६ साली माकडताप आला तो गोचिडींमुळेच. त्या तापाने माकडं मरतात आणि माणसंही.

मोकळ्या माळावर कळप पुढे सरकतो. मागे राहिलेल्या गोचिडींना यजमान मिळाला नाही, तर त्या उपाशी मरतात. वनस्थळीच्या चारही बाजूंना मात्र शहर आहे. हरणांना फिरून त्याच गवतात यावं लागतं. प्राणिसंग्रहालयात डॉक्टर औषध लावू शकतात, रानातल्या काळविटाला धरून ते करायला गेलं तर ते धसक्यानेच मरायचं. म्हणून गुरं आणि भटकी कुत्री आपल्या गोचिडी घेऊन आत येऊ नयेत, एवढं तरी सांभाळायला हवं. कुंपणाची भगदाडं बुजवणं हेसुद्धा हरणांचं औषधच आहे.

जाल तेव्हा पायघोळ पँट आणि मोजे घाला, वाट सोडून गवतात शिरू नका. घरी आल्यावर मुलांचे कान आणि मान नीट तपासा. काळविटाला जे जमत नाही, ते आपल्या मुलांसाठी आई-बाबा करू शकतात.