लपून राहणारे दोघे

उन्हाळ्यात पवनानगरच्या परिसरातील डोंगरउतारांवर गवत वाळून पिवळे पडते. त्या गवतातील एका लहानशा खळग्यात ससा दिवसभर निश्चल बसून राहतो. त्याची तपकिरी लव गवतात अशी मिसळून जाते, की शेजारून जाणाऱ्या गुराख्यालाही त्याचा पत्ता लागत नाही. हा रानससा पाळीव सशांच्या जातीप्रमाणे बीळ खोदत नाही. शत्रू अगदी जवळ आला, म्हणजे मात्र लांब मागल्या पायांच्या बळावर तो बाणासारखा सुटतो.

पवनानगरच्या पश्चिमेस सह्याद्री उतरून गेले, की कोकण लागते आणि पुढे समुद्र. तेथे उथळ पाण्याच्या तळाशी पाकट नावाचा चपटा मासा राहतो. आपले पसरट पर हलवून तो अंगावर वाळू उडवून घेतो आणि तीत लपतो. डोळे व त्यांमागील श्वासाची छिद्रे तेवढी उघडी राहतात. त्याच्या शरीरात हाड नाही. सारा सांगाडा कूर्चेचा. शेपटीवर मात्र दातेरी, विषारी काटा असतो.

भित्र्या मनुष्यास लोक सशाच्या काळजाचा म्हणतात आणि पाकटाला दुष्ट समजतात. दोन्ही समजुती चुकीच्या होत. शेवटच्या क्षणापर्यंत स्तब्ध राहणे हे भित्र्याचे काम नव्हे. पाकटही आपण होऊन कोणावर चालून जात नाही. अंगावर पाय पडला, तरच काटा उगारतो.

दोघांत आणखी एक साम्य आहे. सशाची पिले उघड्या डोळ्यांनी व अंगावर लव घेऊनच जन्मतात. पाकटाची मादीही अंडी न घालता पिलांनाच जन्म देते, आणि ती पिले जन्मतःच स्वतंत्रपणे पोहू लागतात.

परंतु लपण्याची ही विद्या मनुष्यापुढे अपुरी पडते. डोंगराला वणवा लावला, की गवतात स्तब्ध बसलेली पिले होरपळतात. तळ खरवडीत जाणारे ट्रॉलरचे जाळे वाळूत दडलेल्या पाकटालाही ओढून नेते. आणि त्याला पिले थोडी होत असल्याने ती हानी लवकर भरून येत नाही. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरली आहे. पण गवतात टाकलेली पेटती काडी कायद्याच्या दृष्टीस पडतेच असे नाही. ती न टाकणे मनुष्याच्याच हाती आहे.