टेबलावरचा माणूस जागा असतो

अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी हे दोन शब्द आमच्या नातेवाइकांत एकाच अर्थाने वापरले जातात. "त्यांची अँजिओ झाली" एवढंच कानावर येतं. दोन्हींत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, म्हणून गोंधळ होतो. पण अँजिओग्राफी ही तपासणी आहे. नळीतून डाय सोडून रक्तवाहिनी कुठे अरुंद झाली आहे ते क्ष-किरणांवर बघतात. अँजिओप्लास्टी हा उपचार आहे. त्यात फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि बहुतेक वेळा स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. एका शब्दाने अर्थ कसा बदलतो हे मुलांना रोज सांगते. इथे शब्द बदलला की आयुष्यभराची गोळी आणि घरातली जमापुंजी, दोन्हींचा हिशेब बदलतो.

इथे खडकवासल्यातच राहणाऱ्या माझ्या मामूंना चढ चढताना छातीत जड व्हायचं. वय एकाहत्तर, मधुमेह जुना. पुण्यातल्या एका रुग्णालयात अँजिओग्राफी ठरली. फॉर्म इंग्रजीत होता. मामू फक्त उर्दू वाचतात, म्हणून मामेभावाने तो भरला आणि सही केली. अर्ध्या तासाने आतून एकजण आला. "दोन ब्लॉकेज आहेत, पेशंट टेबलावरच आहेत, स्टेंट टाकायचा का ते पाच मिनिटांत सांगा." मामेभाऊ घाबरला. दुसरी सही झाली.

संध्याकाळी मनगटाच्या पट्टीकडे बघत मामू म्हणाले, "मैं तो जागाच था ना. मेरेकू कायकू नहीं पूछे?"

मला या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. उपचार चुकीचा होता असं मी म्हणत नाही. मामू आज बरे आहेत, धरणाच्या रस्त्यावर फिरायला जातात. पण ही प्रक्रिया साधारणपणे फक्त नळी घालायची जागा बधिर करून करतात. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही रुग्ण जागाच होता. जो माणूस जागा आहे, बोलू शकतो, त्याला वगळून काचेच्या दाराबाहेर त्याच्या हृदयाचा निर्णय का व्हावा?

कायदाही हेच विचारतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं तर गोष्ट वेगळी. तो खटला हृदयाचा नव्हता, पण तत्त्व इथे जसंच्या तसं लागू पडतं.

तातडी कधी असते हेही समजून घ्यायला हवं. हार्ट ॲटॅक चालू असेल तर मिनिटामिनिटाला स्नायू मरतो. तेव्हा चर्चा नको, लगेच निघायचं. रविवारी धरणावर गर्दी झाली की सिंहगड रस्ता कसा तुंबतो हे आम्हा इथल्या लोकांना माहीत आहे. म्हणून ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा. पण मामूंसारखा त्रास महिनोन्‌महिने एकसारखा असेल तर बहुधा विचाराला वेळ असतो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'इस्केमिया' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्ण होते. चांगली औषधं देऊन थांबण्यापेक्षा आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने त्यांच्यातले मृत्यू किंवा हार्ट ॲटॅक एकूणात कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र स्टेंटने अनेकांचं कमी झालं. म्हणजे निवड खरोखर असते, आणि ती रुग्णाची असते.

रुग्णाला विचारणं हा नुसता अदबीचा भाग नाही, त्याच्या सुरक्षिततेचाही आहे. मामूंच्या अंगावर एका जुन्या सीटी स्कॅनच्या डायनंतर पित्त उठलं होतं. हे फक्त त्यांना आणि मुमानींना आठवत होतं. फॉर्मवर ॲलर्जीपुढे मामेभावाने 'नाही' लिहिलं होतं. अल्लाहच्या कृपेने या वेळी काही झालं नाही. पण डायची ॲलर्जी आधी कळली तर डॉक्टर तयारी करून घेतात. डायचा भार किडनीवर पडतो, म्हणून क्रिएटिनिन तपासतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्या काही रुग्णांची गोळी थोडे दिवस थांबवावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे सगळं ज्याचं शरीर आहे त्याच्याकडून, त्याच्या भाषेत, काढून घ्यावं लागतं.

पैशांचंही तसंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटसाठी ती तेव्हा २९,६०० रुपये होती. बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच नंबर वेगळा दाखवणंही बंधनकारक केलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आहे, पण योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटावं लागतं. पाच मिनिटांत सही करणाऱ्या घाबरलेल्या मुलाला यातलं काय सुचणार?

एक गोष्ट आपल्या घरांसाठी खास. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या तर जाळीत गुठळी होऊन हार्ट ॲटॅक येऊ शकतो. रमजानमध्ये काहीजण दिवसाची गोळी सोडून देतात. तसं करू नका. रोजे ठेवायचे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा वेळा सेहरी आणि इफ्तारला जुळवून देता येतात. डॉक्टर नको म्हणाले तर आजारी माणसाला शरीयतने सवलत दिलेलीच आहे.

आता ओळखीत कोणाची अँजिओग्राफी ठरली की मी एका कागदावर उर्दूत आणि मराठीत काही ओळी लिहून देते. आज फक्त तपासणी आहे की उपचारही? ब्लॉकेज निघालं तर लगेच स्टेंट हवा, की थांबून ठरवता येईल? औषधांवर भागेल का? कशाची ॲलर्जी आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत? आणि शेवटची ओळ डॉक्टरांसाठी मराठीत असते: "रुग्ण जागा आहे, कृपया आधी त्यांना विचारा."

गेल्या महिन्यात एका शेजाऱ्यांनी तो कागद नेला. डॉक्टरांनी तो वाचला, खुर्ची ओढली आणि दहा मिनिटं त्यांच्याशी बोलले.