मिठू शाळेत गेला तेव्हा

मीनाला घरचे शाळेत पाठवत नव्हते, म्हणून तिनं पोपटाला पाठवलं. मिठूनं वर्गाबाहेर बसून गुरुजींचे आकडे ऐकायचे, घरी येऊन घोकायचे आणि मीनानं ते त्याच्याकडून उचलायचे. पुढे एकदा कोंबड्या मोजताना एक कमी भरली, चोराचा माग लागला, आणि पोरीला मोजता आलं तर घराचाच फायदा आहे हे वडिलांच्या डोक्यात शिरलं. युनिसेफच्या ‘मीना’ या कार्टून मालिकेतली ही गोष्ट. नव्वदच्या दशकात आमच्या पिढीतले नुकते आईबाप झालेले लोक मुलांच्या निमित्तानं ती बघायचे आणि मुलांपेक्षा जास्त हसायचे. माझ्या सासूबाईंना त्यातली आजी आवडायची. ‘अगदी आमच्या आत्याबाई,’ असं त्या म्हणत, आणि आत्याबाई हयात नसल्यामुळे कुणी हरकत घेत नसे.

सार्क देशांनी १९९१ ते २००० हे दशक मुलींचं म्हणून जाहीर केलं होतं. बांगलादेशातल्या युनिसेफच्या लोकांनी मीनाची कल्पना काढली आणि तिला चेहरा दिला तो मुंबईच्या राम मोहन यांनी. हे १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागलेले गृहस्थ. ‘भुवन शोम’ या चित्रपटातलं ॲनिमेशन त्यांचंच. मीना बांगलादेश, भारत, नेपाळ आणि पाकिस्तान या चारही देशांत आपली वाटायला हवी होती. साडी नेसवावी तर एकीकडे अडचण, सलवार-कमीज घालावा तर दुसरीकडे. शेवटी लांब परकर आणि सदरा यांच्या मधलं काहीतरी ठरलं. नाव असं निवडलं की हिंदूंच्या घरातही चालेल आणि मुसलमानांच्याही. गावोगावी लोकांना चित्रं दाखवली, गोष्टी ऐकवल्या आणि त्यांचं ऐकून बदल केले. म्हणजे ज्यांच्या घरात मीना राहणार होती, त्यांना आधी विचारून तिला घडवलं होतं.

एका भागात आंब्याची वाटणी होती. भावाला, राजूला, मोठा वाटा, मीनाला लहान. मग बहीणभाऊ एका दिवसापुरती कामांची अदलाबदल करतात आणि दिवस मावळेपर्यंत राजूचं कंबरडं मोडतं. हा भाग पाहून आमच्याकडे बाठा कुणाला यावरून जी वादावादी झाली, ती त्या मेच्या सुट्टीला पुरली. युनिसेफनं आमच्या घरात एवढं तरी केलं.

त्याआधीची, माझ्या लहानपणीची, पडद्यावरची मुलगी वेगळी होती. थिएटरात सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा वार्तापट दाखवणं तेव्हा सक्तीचं होतं. धरण, खताचा कारखाना, पूर, मंत्र्यांच्या हातून उद्घाटन आणि मग कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. तो लाल असतो हे आम्हाला दवाखान्याच्या भिंतीवरून ठाऊक होतं. पडद्यावर बहुधा काळाच दिसायचा. त्रिकोणाबरोबर आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. मुलीला दोन वेण्या, रिबिनी आणि न पुसलं जाणारं हसू. तिला बोलायला काही नसे. निवेदकाचा भरदार आवाज साऱ्या देशाच्या वतीनं बोलायचा, त्यात तीही आली. निम्मं थिएटर त्या वेळात शेंगदाण्याच्या गाडीवर असे.

त्या दिवसांबद्दल गहिवरून येण्याआधी एवढं आठवावं की त्याच त्रिकोणाच्या मागून १९७६ची सक्तीची नसबंदी आली होती. मुलगी हसत होती ती सरकारच्या सोयीसाठी.

पण एक गोष्ट मला खरोखर चांगली आठवते. खेड्यांत क्षेत्रीय प्रचार खात्याची गाडी यायची. देवळापुढे नाहीतर शाळेच्या मैदानात पांढरं कापड ताणायचे आणि दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. मागच्या बाजूच्यांना अक्षरं उलटी दिसत, पण त्यातल्या निम्म्यांना ती सुलटी असती तरी वाचता आली नसती. चित्रपट संपला की लोक गाडीवाल्या साहेबांना घेरत. ‘ती शाळा दाखवली ती कुठं आहे? आमच्याकडं चौथीपर्यंतच आहे.’ ‘पोरगी शिकवा म्हणता, पाचवीला तालुक्याला पाठवायची तर एस.टी. कुठंय?’ साहेब वहीत काहीतरी लिहून घेत. त्याचं पुढे काय होई, ते वहीला माहीत. तरी ज्यांच्याबद्दल चित्रपट होता ते समोर बसलेले असत आणि उलट बोलत. चित्रपट वाईट असला तरी तो त्यांना उद्देशून होता.

आता ती मुलगी फोनवर येते. भजन लावा, पुरणपोळीची कृती लावा, आधी ती येते. दहा-अकरा वर्षांची. मागे भेगाळलेली जमीन, उन्हाचा मातकट रंग, हळू चालणारा पियानो. डोक्यावर हंडा, नाहीतर कडेवर धाकटं भावंड. मग चेहरा जवळ येतो आणि डोळे थेट आपल्याकडे. नाव, वय आणि महिन्याला किती रुपये दिले तर ती शाळेत जाईल तो आकडा. पाच सेकंदांनी ‘वगळा’चं बटण. पूर्वी अशी चित्रं बघणारे लोक लंडन, ऑस्लो, न्यूयॉर्कला असत. आता ते कोथरूड आणि ठाण्यातही आहेत, आणि तिकडच्या पडद्यावर ज्याला विकसनशील देश म्हणत, तो आपल्याच राज्यातला एखादा तालुका झाला आहे.

या नव्या धाटणीची सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं, तर मी २००८ सालच्या ‘द गर्ल इफेक्ट’कडे बोट दाखवीन. नाइकी फाउंडेशनची ही चिमुकली फिल्म. तिच्यात एकही माणूस नाही, नुसते शब्द. मुलगी हा एक शब्द, नवरा हा दुसरा, भूक तिसरा, आणि मग गाय. मुलीला कर्ज द्या, ती गाय घेईल, दूध विकेल आणि गावाचा, मग देशाचा, मग जगाचा कायापालट करील. फिल्म हुशार होती, हे मान्य करायला हवं. नजर हलत नाही. पण मुलगी कुठली, देश कुठला, भाषा कोणती, काही नाही. मीनाला चार देशांत बसवताना परकराच्या लांबीवर काथ्याकूट करणारे लोक मला इथे आठवतात. इथे परकरच नव्हता. शिवाय नव्वदच्या दशकात याच नाइकीवर आशियातल्या कारखान्यांमधल्या तरुण कामगारणींच्या मजुरीवरून जगभर टीका झाली होती. गायीच्या गोष्टीत तो कारखाना कुठेच येत नाही.

२०१३ सालचा ‘गर्ल रायझिंग’ हा माहितीपट त्यामानानं पुष्कळ प्रामाणिक. नऊ देशांतल्या नऊ मुली, आणि प्रत्येकीची गोष्ट लिहायला तिच्याच देशाशी नातं असलेली लेखिका. भारताची गोष्ट कोलकात्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या मुलीची, आणि ती लिहिली आपल्या मुंबईच्या सूनी तारापोरवाला यांनी. तिच्यात बाप मुलीच्या बाजूनं उभा आहे, हे मला फार आवडलं. अशा फिल्मांमध्ये बाप एकतर दारूत असतो नाहीतर फोटोबाहेर. तरी गोष्ट सांगायला आवाज मात्र मेरिल स्ट्रीप, केट ब्लँचेट, प्रियांका चोप्रा यांचे. मुलगी धावते, हसते, वर बघते आणि तिच्याबद्दल दुसरंच कुणी बोलतं. फिल्म्स डिव्हिजनचा भरदार पुरुषी आवाज जाऊन हॉलीवूडचा मऊ बायकी आवाज आला.

या फिल्मांमध्ये काय नसतं याची मी मनाशी टिपणं काढत असते. पंचायत समिती नसते. अंगणवाडीताई नसतात. गावातल्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून, तो नसतो. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एस.टी. गाड्या नसतात. पास आहे पण गाडी वेळेवर येत नाही, हे तर नसतंच, कारण ते दाखवलं तर प्रश्न आगारप्रमुखाला विचारावा लागेल, आणि आगारप्रमुख काही देणगी देत नाही. पडद्यावर फक्त मुलगी आणि तिची वाट पाहणारं भविष्य. मधली सगळी माणसं गाळलेली.

हे गाळणं जुनंच आहे. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंचं ‘मदर इंडिया’ हे पुस्तक आलं. बालविवाह, कोवळ्या वयातली बाळंतपणं, त्यातली दु:खं. पुष्कळसं खरं होतं, म्हणून तर झोंबलं. गांधीजींनी त्याला गटारं तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. पण त्याच १९२७च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या आणि बायका मुलींच्या शिक्षणावर आणि लवकर होणाऱ्या लग्नांवर स्वत: ठराव करत होत्या. पुढे १९२९च्या शारदा कायद्यासाठी परिषदेनं हिरीरीनं प्रचार केला. मेयोबाईंच्या पुस्तकात मुलगी आहे, जखम आहे. पुण्यात भरलेला तो मांडव नाही.

त्याच्याही आधी पंडिता रमाबाई. १८८७ साली फिलाडेल्फियाला त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांविषयी. ते सरळसरळ निधीसाठी लिहिलेलं होतं, आणि त्याच निधीवर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. अमेरिकनांचं मन द्रवावं म्हणून विधवांची दु:खं मांडणं रमाबाईंनाही चुकलं नव्हतं. पण त्याच १८८९ साली त्यांनी अमेरिकेवरही पुस्तक लिहिलं, मराठीत, आपल्या लोकांसाठी: तिथली लोकस्थिती, तिथल्या बायका, तिथले काळे लोक, सगळ्यांचा समाचार घेत. ज्यांच्याकडून मदत घेतली त्यांच्याकडेही त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं. फोनवरच्या मुलीला ही सोय नाही. ती आपल्याकडे बघते असं वाटतं, पण तिला भिंग दिसतं, आपण नाही.

विजय तेंडुलकरांचं ‘कमला’ हे नाटक १९८१चं. एक पत्रकार बाजारातून आदिवासी बाई विकत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो, बायकांची विक्री होते हे जगाला सिद्ध करून दाखवतो. हेतू चांगला, पुरावा बिनतोड. आणि कमला घरी त्याच्या बायकोला साध्या सुरात विचारते की तुम्हाला केवढ्याला घेतलं. मुलींच्या हक्कांवरच्या फिल्मा बनवणाऱ्यांना काही दाखवायचंच असेल तर मी हे नाटक दाखवीन. त्यात कमलाला वाचा आहे, आणि तिचा प्रश्न भलत्याच माणसावर जाऊन आदळतो.

पाश्चात्त्यांनी स्वत:ची थट्टा केली नाही असंही नाही. २०१२ साली नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संस्थेनं ‘रेडी-एड’ नावाचं गाणं काढलं: आफ्रिकेतले तरुण-तरुणी थंडीनं काकडणाऱ्या नॉर्वेकरांसाठी हीटर गोळा करतात, आणि गोठलेल्या रस्त्यांची केविलवाणी दृश्यं मध्ये मध्ये येतात. मी ते पाहून पोट धरून हसले. दोन वर्षांनी प्लॅन या संस्थेच्या नॉर्वे शाखेनं आणखी धीट काम केलं. बारा वर्षांची एक गोरी मुलगी इंटरनेटवर आपल्या लग्नाच्या तयारीबद्दल लिहू लागली: झगा, अंगठी, केक. नवरा सदतीस वर्षांचा. लोकांनी पोलिसांना फोन केले. मग कळलं की मुलगी अभिनय करते आहे आणि मोहीम बालविवाहाविरुद्ध आहे. तिथे भेगाळलेली जमीन नव्हती, हंडा नव्हता, आणि तरीही काळजाचा ठोका चुकला. मुलगी गरीब आणि दूरची दाखवली की आपल्याला दया येते. ओळखीची दाखवली की आपण पोलिसांना बोलावतो. हा फरक त्या मोहिमेनं सगळ्यांच्या पदरात घातला.

सेव्ह द चिल्ड्रननं तर पन्नाशीनिमित्त केन लोच या दिग्दर्शकाकडून १९६९ साली स्वत:वर एक माहितीपट करून घेतला होता. लोचनी इंग्लंड आणि केनियात चित्रण केलं आणि दानाच्याच मुळाशी हात घातला. संस्थेनं तो डबाबंद केला. लोकांना तो पाहायला मिळाला २०११ साली. आज कुठली संस्था असा माणूस बोलावते, ते मला बघायचं आहे.

कॅमेरा मुलींच्या हातात द्या, असं आता सगळे म्हणतात. हेही नवं नाही. १९८४ साली अहमदाबादच्या सेवा संघटनेतल्या बायकांनी व्हिडिओ कॅमेरा शिकून घेतला. त्यांतल्या कितीतरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्या कामाच्या, बाजाराच्या, अडचणींच्या फिती त्यांनी काढल्या आणि आपल्याच बायकांना दाखवल्या. पियानो वगैरे लावण्याचं कुणाच्या मनात आलं नसावं.

आता तर तेवढंही शिकावं लागत नाही. आमच्या गावाकडच्या मुली फोन धरतात आणि सुरू करतात. परवा भाचीनं एक व्हिडिओ पाठवला होता: सकाळी सातपासून थांब्यावर उभ्या आठवी-नववीच्या पोरी, मागे कुणाची तरी म्हैस, आणि एक पोरगी जोरजोरात सांगते आहे की गाडी आज पण आली नाही, पहिला तास गेला, गणिताचा होता म्हणून आनंद आहे पण उद्या मराठीचा आहे. उजेड वाईट, आवाज फाटलेला, निम्मा वेळ नुसती म्हैस दिसते. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर पडला. सरपंच चिडले, पोरींनी गावाची बदनामी केली म्हणाले, आणि मग त्यांनीच आगारात फोन केला. दोन दिवस गाडी वेळेवर आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली नाही, तेव्हा पोरींनी दुसरा काढला, आणि या खेपेला सरपंचांनाच शेजारी उभं केलं.