काकूंच्या झिणझिण्या

वायरमनला हातापेक्षा कान जास्त वापरावे लागतात. ‘वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात,’ असं काकू सांगतात. काका रबरी चपला घालूनच मशीनवर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘मला तर काही लागत नाही. हिच्या मनाचे खेळ!’ मी काकूंची बाजू घेतो आणि आधी अर्थिंग तपासतो. पुष्कळदा प्लगमधली हिरवी वायर सुटलेली असते, नाहीतर कुणी जोडलेलीच नसते.

काकूंचे हात ओले, पाय अनवाणी, खाली ओली फरशी. कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीचा रेझिस्टन्स लाखभर ओहमपर्यंत जाऊ शकतो. ओल्या अंगाचा हजाराच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला भागून बघा. एकाच्या अंगातून जेमतेम २ मिलिअँपिअर, दुसऱ्याच्या अंगातून २३०!

बरं, करंट सारखा असला तरी तो सगळ्यांना सारखा कळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅलझील यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर माणसांवरच हे मोजलं. हाताला करंट कळायला पुरुषांना सरासरी १.१ मिलिअँपिअर लागला, बायकांना ०.७. हात चिकटून सोडवता न येण्याची वेळ पुरुषांवर सरासरी १६ मिलिअँपिअरला आली, बायकांवर १०.५ लाच. आणि ही सरासरी; पुरुषापुरुषांतही फरक होताच. टेस्टर लावताना तर आपल्याच अंगातून करंट जातो, म्हणून त्यातला दिवा लागतो. पण तो करंट इतका थोडा असतो की कुणालाच कळत नाही.

‘मला शॉक लागत नाही’ म्हणून उघड्या वायरला बोट लावून दाखवणारे आमच्या धंद्यात भेटतात. घट्ट्यांची ही मिजास पहिला घाम येईपर्यंत. हृदयाला घट्टे पडत नाहीत.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती वायर वाचवते, माणूस नाही. ६ अँपिअरची एमसीबी ६००० मिलिअँपिअरपर्यंत लाइन तोडतच नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. झटका तिच्यामुळे टळत नाही, पण गळती तेवढी झाली की ती क्षणात लाइन तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. लाइन गेली नाही, तर वायरमनला बोलवा. आणि घरात कुणी झिणझिण्या येतात म्हणालं, तर वायरमन येईपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेवा.